पुतण्याच्या नावावर फ्लॅट करायचाय, पण तो नऊ वर्षांचा आहे

कऱ्हाडचा_काका (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा थोरला भाऊ २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. मागे वहिनी आणि मुलगा. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, आता नऊचा आहे. वहिनी पुण्यात शाळेत शिकवतात, त्यांचं नीट चाललंय. आमचे बाबा शहात्तरचे. त्यांचा पुण्यात एक वन बीएचके आहे, नोकरीत असताना स्वतःच्या पैशाने घेतलेला. सध्या भाड्याने दिलाय, महिना अठरा हजार. तो नातवाच्या नावावर करावा असं त्यांच्या फार मनात आहे. माझी ना नाही. कऱ्हाडचं घर माझ्याकडे येणार, हे भाऊ असतानाच ठरलेलं होतं.

आता अडचण. वहिनी चौतीस वर्षांच्या आहेत. उद्या त्यांनी दुसरं लग्न केलं (करावं, आमची काही हरकत नाही), तर फ्लॅटचं काय? म्हणून मला वाटतं, फ्लॅट पुतण्याच्या नावावर करावा आणि पालक म्हणून माझं नाव घालावं. इथला दस्त लिहिणारा म्हणतो, होईल की, त्यात काय. बाबांचे एक मित्र म्हणतात, अज्ञानाच्या (म्हणजे अठरा पूर्ण नसलेल्याच्या) नावावर दस्त होतच नाही, तो अठराचा होईपर्यंत थांबा. बाबांना तेवढं थांबायचं नाहीये.

कोणाचं खरं?

मिसळपंथी

दोघांचंही खोटं असणार. बसतो इथेच, वाचतोय.

वकीलीणबाई

मिसळपंथींनी बसल्या जागी निकाल दिला आणि तो बरोबर आहे.

आधी मित्रांचं. अज्ञान माणूस करार करू शकत नाही, हे खरं. १९०३ चा मोहोरीबीबीचा निकाल आम्हाला पहिल्या वर्षाला घोकायला लावतात, अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्द. पण देणं वेगळं आणि घेणं वेगळं. अज्ञान मुलगा मालमत्ता देऊ शकत नाही, घेऊ मात्र शकतो. बक्षीसपत्र म्हणजे बाबांनी काही मोबदला न घेता द्यायचं आणि मुलाच्या वतीने त्याच्या पालकाने स्वीकारायचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, तेव्हापासून हे चालत आलंय.

आता दस्त लिहिणाऱ्याचं. 'त्यात काय' म्हणाले ना? त्यातच सगळं आहे. तुम्ही काका आहात, पालक नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ६ : नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई. काका, मामा, आजोबा कोणीही त्यात नाही. वडील हयात नाहीत, म्हणजे आई. दस्तावर 'अज्ञान, तर्फे पालक आई' असंच येईल आणि सही वहिनींची लागेल. तुम्ही मुलाला कितीही जीव लावलात तरी कायद्याच्या भाषेत तुम्ही फार तर वस्तुस्थितीतले पालक, आणि कलम ११ सरळ सांगतं की अशा पालकाने अज्ञानाच्या मालमत्तेचा व्यवहार करायचा नाही.

आणि दुसऱ्या लग्नाचं. आईने पुनर्विवाह केला म्हणून तिचं पालकत्व जात नाही. सावत्र वडील मात्र नैसर्गिक पालक होत नाहीत. आईचं किंवा वडिलांचं पालकत्व जातं ते दोन कारणांनी, हिंदू राहिले नाहीत तर किंवा पूर्णपणे संसार सोडून वानप्रस्थी, यती वा संन्यासी झाले तर. गंमत नाही, शब्द तसेच आहेत कलमात. इतक्या वर्षांच्या वकिलीत मी एकही यती कोर्टात पाहिलेला नाही.

रेवाक्का

वकीलीणबाई, 'वडिलांनंतर आई' हे वाचलं की अजून डोकं फिरतं.

वकीलीणबाई

माझंही फिरायचं. १९९९ ला गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातला 'नंतर' थोडा सैल केला. मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते, अर्जावर पालक म्हणून आईची सही होती, आणि बँकेने वडिलांची सही मागितली. कोर्ट म्हणालं, 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावरच असं नाही. वडील लक्षच घालत नसतील, किंवा दोघांनी मिळून ठरवलं असेल, तर ते हयात असतानाही आई पालक. शब्द तोच ठेवला, अर्थ बदलला. असो, धाग्याच्या विषयाकडे.

कऱ्हाडचा_काका

धन्यवाद. पण मग माझी भीती तशीच राहिली ना? वहिनी पालक, म्हणजे उद्या त्यांनी किंवा त्यांच्या नवीन घरच्यांनी सही करून फ्लॅट विकला तर? माझा वहिनींवर अविश्वास नाही. पण माणसं बदलतात.

वकीलीणबाई

नाही विकता येत. हेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं.

त्याच कायद्याचं कलम ८. नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदल करता येत नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावरही देता येत नाही, किंवा मूल सज्ञान झाल्यानंतर वर्षभराहून पुढे जाईल असा पट्टाही करता येत नाही. आणि परवानगी मिळते ती दोनच कारणांवर, मुलाची गरज किंवा मुलाचा उघड फायदा. आईला घर घ्यायचंय, काकांचा धंदा अडलाय, ही कारणं तिथे चालत नाहीत.

म्हणजे तुम्हाला पालक होऊन जी राखण करायची होती ती कायदा आधीच करतोय. वहिनींपासून करतो, तशी तुमच्यापासूनही करतो.

मिसळपंथी

शेवटचं वाक्य जरा जोरात लागलं असेल काकांना.

कऱ्हाडचा_काका

लागलं. पण बरोबर आहे.

गुंठामंत्री

या कलम ८ ची झळ बसलेला माणूस हजर आहे. नावावर हसू नका, एकदाच पाच गुंठे घेतले आणि मित्रांनी हे नाव ठेवलं.

२०१८ ला गावाकडे घेतले. सातबारा कोरा होता, तलाठ्याने दाखवला, मी खूश. घर बांधायला कर्ज काढायला गेलो तर बँकेच्या वकिलाने जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागितले. २००४ च्या वारस नोंदीत मूळ मालकाच्या मृत्यूनंतर बायको आणि एक मुलगा. मुलाच्या नावापुढे लिहिलंय 'अज्ञान अ.पा.क. आई'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अपाक म्हणजे अज्ञान पालन कर्ता. २००९ ला त्या बाईंनी स्वतःसाठी आणि मुलातर्फे सही करून जमीन विकली. कोर्टाची परवानगी? शून्य. मी त्या खरेदीदाराकडून घेतलेली. वकिलाने अहवालात एकच ओळ लिहिली आणि कर्ज अडलं.

मुलगा शोधून काढला. वीस वर्षांचा, पुण्यात डिलिव्हरीचं काम करत होता. मी समजावत होतो, हा नुसता हो हो करत होता, आणि शेवटी म्हणाला, "काका, एवढं आहे तर मी एकदा वकिलाला विचारतो." विचारलं. तीन लाखांत मान्यतापत्र करून दिलं, नोंदणीचा खर्च माझा. पोराची चूक काही नव्हती, जमीन त्याच्या बापाची. चूक माझी, फेरफार न काढता सातबाऱ्यावर भुललो.

वकीलीणबाई

तीन लाखांत सुटलात. असा व्यवहार मुळातच रद्द नसतो, रद्द करण्याजोगा असतो. करायचा की नाही ते मुलाने ठरवायचं. सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावायचा, म्हणजे साधारण एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. तुमचा वीसचा होता, दार उघडंच होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा शिवप्पा विरुद्ध नीलम्मा हा निकाल आला, तो यात मोलाचा आहे. दावणगेरेजवळचे भूखंड, बापाने १९७१ ला तीन अज्ञान मुलांच्या नावे घेतले आणि पुढे परवानगी न घेताच विकून टाकले. मुलं मोठी झाली, त्यांनी दावाबिवा न लावता तेच भूखंड स्वतः दुसऱ्याला विकले. कोर्ट म्हणालं, बापाचा व्यवहार नाकारायला प्रत्येक वेळी दावाच लावायला पाहिजे असं नाही, मुदतीत केलेली अशी स्पष्ट कृतीही पुरते. खंडपीठात आपले न्या. वराळे होते. तेव्हा अपाक लिहिलेली जमीन घेताना आता दुप्पट सावध राहा. कोर्टात दावा दिसत नाही म्हणजे सगळं आलबेल, असं धरून चालता येणार नाही.

सातारी_कंदी

पण आमच्याकडे तर आजोबांनी, सगळी चुलत भावंडं लहान असताना, शेत विकलं होतं विहिरीच्या कर्जासाठी. कोणी कोर्टात गेलं नव्हतं. ते पण रद्द होतं का?

वकीलीणबाई

ते निराळं. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन आणि व्यवहार कर्त्याने, म्हणजे कुटुंबप्रमुखाने, केलेला, तर कलम ८ तिथे लागत नाही. मुलाचा न वाटलेला हिस्सा कुटुंबाच्या पोटात असतो. १९९६ ला नारायण बाळ विरुद्ध श्रीधर सुतार मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे साफ केलंय. तिथे प्रश्न एवढाच की कुटुंबाची गरज खरी होती का. तुमच्या विहिरीला पाणी लागलं असेल तर आजोबांना आशीर्वाद द्या.

काकांच्या फ्लॅटला हे लागू नाही. तो बाबांचा स्वकष्टार्जित आणि बक्षीस एकट्या नातवाला, म्हणजे त्याची स्वतंत्र मालमत्ता.

रेवाक्का

मी परवानगी काढलेली आहे, म्हणून सांगते. मिळते, पण दमवते.

आमचे हे गेले तेव्हा मुली अकरा आणि सात. सांगलीला त्यांच्या नावचा प्लॉट, वारसाने आम्हा तिघींची नावं लागली. थोरलीच्या शिक्षणासाठी तो विकायचं ठरवलं. खरेदीदार चांगला होता, इसार देतो म्हणाला. नशिबाने ओळखीच्या वकिलांनी थांबवलं, आधी परवानगी मग इसार.

मालमत्ता जिथे आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज. मला वाटलं दोन तारखांत होईल, चौदा महिने लागले. सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल, कॉलेजचं फीचं पत्र, माझ्या पगाराच्या स्लिपा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दिराचं ना हरकत. एका तारखेला न्यायाधीशांनी मलाच विचारलं, "मोठीच्या फीसाठी विकताय. धाकटीच्या हिश्शाचं काय?" मी तयारीच केली नव्हती त्या प्रश्नाची. माझ्या मनात दोघी म्हणजे 'मुली' अशा एकच होत्या. त्यांच्या लेखी दोन वेगळे मालक.

हुकूम आला तो असा : थोरलीचा हिस्सा फीसाठी, कॉलेजच्या नावे थेट धनाकर्ष. धाकटीचा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे ठेव, ती अठरा पूर्ण होईपर्यंत कोर्टाच्या हुकमाशिवाय हात लावायचा नाही. तेव्हा मनातून चिडले होते. आता धाकटी त्याच पैशावर आर्किटेक्चर करतेय आणि मी त्या गृहस्थांना मनोमन नमस्कार करते. चौदा महिने थांबलेला खरेदीदारही देवमाणूस, दर मात्र जुनाच दिला.

पहाटतारा

रेवाक्का, __/\__

हिशेबनीस

सीए या नात्याने माझे दोन पैसे.

मुद्रांक : महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. फ्लॅट भाड्याने दिलेला असला तरी निवासीच. त्यावर त्या त्या हद्दीतला स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च असतो, तो दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्या. लक्षात घ्या, आजोबा ते नातू यात बसतं, काका ते पुतण्या बसत नाही. तेव्हा 'आधी माझ्या नावावर करू, मग मी त्याच्या करीन' असला द्राविडी प्राणायाम मनातही आणू नका. आणि यादीत वहिनीसुद्धा आहेत, मृत मुलाची पत्नी म्हणून, हे सहज सांगितलं.

प्राप्तिकर : आजोबांकडून मिळालेल्या फ्लॅटवर नातवाला कर नाही. पण भाडं येईल ते अज्ञानाचं उत्पन्न, आणि ते पालकाच्या उत्पन्नात मिळवतात. दोघे असतील तर ज्याचं जास्त त्याच्या, इथे वहिनींच्या. अठरा हजारांप्रमाणे वर्षाचे २,१६,०००, त्यातून घरभाड्याची ३० टक्के प्रमाणित वजावट, उरले १,५१,२००. हे वहिनींच्या पगारात धरायचे. नव्या कररचनेत बारा लाखांच्या आत राहिल्या तर सवलतीमुळे कर शून्य होईल, पण विवरणपत्रात दाखवायला हवं. मुलामागे पंधराशेची सूट असते ती फक्त जुन्या रचनेत, आणि पंधराशेत हल्ली दप्तर येत नाही.

भाडं मुलाच्या खात्यात जाऊ द्या, वहिनींच्या पगाराच्या खात्यात नको. चोरी होईल म्हणून नाही, नऊ वर्षांनी हिशोब विचारला तर पासबुक पुढे करता यावं म्हणून.

मिसळपंथी

फ्लॅटवर कर्ज आहे का काका? ओझ्यासकट बक्षीस दिलं तर?

कऱ्हाडचा_काका

नाही. २०१९ ला फिटलं. मूळ करारनामा बँकेकडून परत आणलेला आहे, पिवळ्या फायलीत.

वकीलीणबाई

बरं झालं. कर्जाचं ओझं असलेलं बक्षीस अज्ञानाला दिलं तर ते ओझं त्याला बांधत नाही. मोठा झाल्यावर सगळं माहीत असताना त्याने ते बक्षीस ठेवून घेतलं, तर मग बांधतं. बँका म्हणूनच अशा वेळी ना हरकत देताना कुरकुरतात.

एडिसनची_मावशी

मी न्यू जर्सीत. इथे हे प्रकरण अगदी वेगळं चालतं, म्हणून लिहिते.

इथे 'यूटीएमए' नावाचा कायदा आहे, मुलांना मालमत्ता द्यायचा. १९८३ ला नमुना कायदा आला आणि राज्याराज्यांनी तो आपापल्या फेरफारांसह घेतला. त्याआधीचा 'यूजीएमए' मुख्यतः पैसे, शेअर, विमा एवढ्यापुरता, जमीनजुमला नव्यात आला. मालक मूल, पण सांभाळायला एक कस्टोडियन. आणि तो कोणीही सज्ञान माणूस असू शकतो. काका चालतात! दस्तावर मात्र ठराविक शब्दच हवेत : 'अमुक, तमुकचा कस्टोडियन म्हणून, न्यू जर्सीच्या अमुक कायद्याखाली'. एका वेळी एकच कस्टोडियन आणि एकच मूल, दोन नातवंडांना मिळून एक खातं चालत नाही. मुलाच्या भल्यासाठी विकायचं झालं तर कस्टोडियन विकतो, कोर्टात जावं लागत नाही. हिशोब मात्र ठेवायचा, मोठं झालेलं मूल मागू शकतं.

आणि दिलं ते दिलं. परत नाही. आमच्याकडे वय २१, त्या दिवशी सगळं मुलाच्या हातात. कॅलिफोर्नियात १८, लिहून ठेवलं तर काही बाबतींत २५ पर्यंत लांबवता येतं. माझ्या शेजारणीच्या लेकाने एकविसाव्या वाढदिवसानंतर पंधरा दिवसांत आजीच्या शेअरची मोटारसायकल केली. आजी पुण्यात, तिला अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक खोच. कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या हिशोबात मुलाच्या नावचा पैसा २० टक्क्यांनी मोजतात, आईवडिलांचा त्याहून बराच कमी. आणि ज्याने दिलं तोच कस्टोडियन असताना वारला तर ती मालमत्ता त्याच्याच इस्टेटीत धरतात. म्हणून देणारा एक आणि सांभाळणारा दुसरा ठेवावा असं आमच्या वकिलांनी बजावलं होतं.

मिसळपंथी

म्हणजे काकांना पालक व्हायचं तर न्यू जर्सीला जावं लागेल.

पहाटतारा

अवांतर : मोटारसायकल कुठली?

एडिसनची_मावशी

हार्ले. :-(

गोंयकार_पेडणें

आमच्या गोव्यात आजोबाला एवढी मोकळीक नाही. निम्म्या मालमत्तेवर मुलाबाळांचा राखीव हक्क, त्याला लेजिटिम म्हणतात. पोर्तुगीज काळापासूनचं, आता २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात आलंय. उरलेल्या निम्म्यातूनच कोणाला द्यायचं ते द्या. शिवाय लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक, तेव्हा आजीच्या संमतीशिवाय आजोबांच्या एकट्या सहीला किंमत नाही. हे बरं आहे की वाईट ते आजीला विचारा.

कऱ्हाडचा_काका

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. बाबा म्हणतात, पोरगा अठराचा झाला की विकून टाकेल. मावशींची मोटारसायकल त्यांना वाचून दाखवली ही माझी चूक झाली. पंचविशीपर्यंत हात लावता येणार नाही असं लिहिता येतं का?

वकीलीणबाई

बक्षीसपत्रात लिहून फारसा उपयोग नाही. दिलेल्या मालमत्तेवर 'विकू नको' अशी सरसकट बंदी कोर्ट मानत नाही. अठरा झाला की तो मालक, त्याची मर्जी.

पंचविशीच हवी असेल तर खाजगी न्यास, म्हणजे ट्रस्ट, करावा लागतो. फ्लॅट विश्वस्तांच्या नावे, लाभार्थी नातू, आणि कुठल्या वयाला काय द्यायचं ते न्यासपत्रात. तिथे तुम्ही विश्वस्त होऊ शकता, वहिनीही. पण एका वन बीएचकेसाठी न्यास, त्याचं पॅन, त्याचं विवरणपत्र, आणि २०० रुपयांचं मुद्रांकही तिथे धरून चालता येणार नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी फ्रीज घेण्यासारखं. मृत्युपत्र हा दुसरा मार्ग. ते बाबांना हवं तेव्हा बदलता येतं, ही त्याची ताकद, आणि तीच त्याची कमजोरी.

आता मी विचारते. गेले चार दिवस आपण वहिनींच्या सहीबद्दल बोलतोय. वहिनींना विचारलंय का?

रेवाक्का

हेच लिहायला आले होते. चौतीस वर्षांची बाई, मूल एकटीने वाढवतेय, आणि तिच्या न झालेल्या लग्नावर इथे अनोळखी लोक कलमं लावतायत.

गुंठामंत्री

+१

कऱ्हाडचा_काका

नाही विचारलं. बरोबर आहे तुमचं. या रविवारी पुण्याला जातो.

(तीन आठवड्यांनी)

कऱ्हाडचा_काका

उशीर झाला, माफी. पण झालं ते सांगतो.

गेलो. बाबाही आले. मी कलम ८ वगैरे पाठ करून गेलो होतो, तोंडातून काही फुटेना. बाबांनीच विषय काढला. वहिनी स्वयंपाकघरातून पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या, ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "त्याच्या नावावर करा, पण भाडं आई-बाबांकडेच राहू दे. माझ्या पगारात आमचं भागतं. तुमच्या औषधांना कुठून आणणार?" बाबा गप्पच झाले. अठरा हजार भाडं हेच त्यांचं पेन्शन आहे हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, खोटं कशाला बोलू.

वकीलीणबाईंना व्यक्तिगत निरोप पाठवला होता, त्यांनी सांगितलं तसं दस्तात घातलं : मालकी आजपासून नातवाची, आजी-आजोबा दोघंही असेपर्यंत वापराचा आणि भाडं घेण्याचा हक्क त्यांचा.

वकीलीणबाई

हे इथेही लिहून ठेवते, पुढच्यांना उपयोगी पडेल. देणाऱ्याने हयातभर उपभोग स्वतःकडे ठेवला म्हणून बक्षीस अपुरं राहत नाही. दस्त नोंदलेला हवा आणि स्वीकारलेला हवा. ताबा लगेच द्यायलाच हवा असं नाही, २०१४ ला रेणिकुंटला राजम्माच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलंय. स्वीकार मात्र दस्तातच पालकाच्या सहीने घ्या आणि देणाऱ्याच्या हयातीत घ्या. 'नंतर करू' म्हणून राहिलेले स्वीकार मी बरेच पाहिलेत, नंतर ती घरं कोर्टात पाहिली.

हिशेबनीस

म्हणजे भाडं आजोबांकडेच. माझं १,५१,२०० चं गणित वाया गेलं म्हणायचं.

कऱ्हाडचा_काका

गेल्या मंगळवारी नोंदणी झाली. मुलाचं आधार आणि जन्मदाखला, बाबांचं आणि वहिनींचं पॅन, दोन साक्षीदार. त्यातला एक मी. कॅमेऱ्यासमोर बाबा बसले, मग वहिनी बसल्या. पुतण्याला शाळा बुडवून आणलं होतं, त्याची गरजच नव्हती. त्याला अंगठ्याचं ते मशीन दाबायचं होतं. ऑपरेटर म्हणाला, "तुझा नंबर नऊ वर्षांनी." त्यावर त्याचं तोंड फुगलं ते वडापाव खाईपर्यंत.

सोसायटीला भाग हस्तांतरणाचा अर्ज दिलाय, तिथेही नावापुढे 'अज्ञान, पालक आई' असंच जाईल. जाता जाता कऱ्हाडच्या शेतीचा सातबारा काढून पाहिला. भावाच्या वारस नोंदीत पुतण्याचं नाव आहे, अपाक आई. एवढी वर्षं घरात तो उतारा होता, त्या तीन अक्षरांकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

गुंठामंत्री

तो अठराचा झाला की अपाक शेरा काढून घ्या. आपोआप जात नाही. जन्माचा पुरावा जोडून अर्ज करायचा, महसूल खात्याच्या ई-हक्क संकेतस्थळावरून ऑनलाइनही होतो. आमच्या गावात पन्नाशीचे दोन अज्ञान आहेत अजून सातबाऱ्यावर.

मिसळपंथी

पन्नाशीचे अज्ञान आमच्याही गावात आहेत, सातबाऱ्याची गरज नाही.

कऱ्हाडचा_काका

:-D

अजून एक सांगायचं राहिलं. नोंदणीहून परत येताना रिक्षात वहिनींनी विचारलं, "आणि मला काही झालं तर?" मी म्हटलं, असं बोलू नका. त्या म्हणाल्या, "भावजी, पाच वर्षांपूर्वी तुमचे दादाही असंच म्हणाले होते." मग मी वकीलीणबाईंना पुन्हा निरोप पाठवला.

वकीलीणबाई

त्यांची परवानगी आहे म्हणून लिहिते. कलम ९. विधवा आई मृत्युपत्राने आपल्या अज्ञान मुलासाठी पालक नेमू शकते, मुलासाठी वेगळा आणि मालमत्तेसाठी वेगळा. आजोबांना किंवा काकांना हा अधिकार नाही, आईला आहे.

कऱ्हाडचा_काका

तर वहिनींनी मृत्युपत्र केलंय. मुलाची पालक म्हणून त्यांची बहीण. मालमत्तेचा पालक म्हणून मी. काल मला झेरॉक्स दिली, पिवळ्या फायलीत लावून ठेवली आहे.